खरी सोडत खोटीसारखी दिसते, ती का? बक्षीस सोडतींच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
ऑनलाइन बक्षीस सोडती भरवणाऱ्या कंपन्या, त्यांच्या जाहिरात एजन्सी आणि सोडतींचं कामकाज सांभाळणाऱ्या संस्था यांस,

नमस्कार.

ऑनलाइन स्वीपस्टेक्स, म्हणजे फुकट भाग घेता येणाऱ्या बक्षीस सोडती, खऱ्या असतात का, असं लोक सतत विचारतात. खरं उत्तर असं की पुष्कळशा खऱ्या असतात. नावाजलेल्या कंपनीला एक गाडी किंवा सहलीचं पॅकेज देऊन लाखभर लोकांचे ईमेल पत्ते मिळत असतील, तर बक्षीस बुडवण्यात तिचा काहीच फायदा नसतो. विजेता निघतो, गाडी त्याच्या दारात येते, कर भरला जातो. तरीही प्रश्न संपत नाही, आणि त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. तुमची खरी ईमेल आणि ठगाची खोटी ईमेल शेजारी ठेवली, तर दोन्हींत लाल अक्षरं, उलटी मोजणी, ‘तुमचं नाव अंतिम यादीत’ आणि खाली राखाडी रंगातल्या अटी दिसतात. ठगांनी हा साचा स्वतः बनवलेला नाही. तो त्यांनी तुमच्याकडून उचलला आहे. या पत्रात सोडतीच्या धंद्याला आमचा विरोध नाही. ज्या खुणांवरून खरं-खोटं ओळखता यायला हवं, त्या खुणा तुमच्याच जाहिरातींनी पुसल्या आहेत, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आधी कायद्याची चौकट, कारण ती तुमच्या वकिलांना पाठ असली तरी जाहिरात लिहिणाऱ्याला बहुधा कुणी सांगितलेली नसते. अमेरिकेत बक्षीस, नशीब आणि मोबदला हे तिन्ही एकत्र आले की ती लॉटरी होते, आणि लॉटरी खासगी कंपनीला चालवता येत नाही. नशीब काढलं की उरते कौशल्याची स्पर्धा. मोबदला काढला की उरते स्वीपस्टेक्स. म्हणजे ‘खरेदीची गरज नाही’ ही तुमची दिलदारी नाही, त्या एका ओळीवर तुमच्या सोडतीचा कायदेशीरपणा उभा आहे. ती ओळ बारीक टाइपात लपवणारा कॉपीरायटर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो.

मोबदला काढायचा म्हणजे फुकट प्रवेशाचा मार्ग ठेवायचा. तो ऑनलाइन फॉर्म असू शकतो, किंवा ३ बाय ५ इंचाच्या कार्डावर नाव-पत्ता हाताने लिहून पोस्टाने पाठवण्याचा. बिघडतं ते पुढे. खरेदी करणाऱ्याला आपोआप दहा प्रवेशिका आणि कार्डवाल्याला एक. खरेदीची मुदत ३१ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत, पण कार्ड २० तारखेपर्यंत पोहोचलंच पाहिजे. खरेदीच्या प्रवेशिका थेट डेटाबेसमध्ये, आणि कार्डांचं पोतं कुठल्यातरी गोदामात, टाइप करायला माणूस मिळेपर्यंत. यातल्या प्रत्येक प्रकारात फुकट मार्ग कागदावर असतो आणि समान संधी मात्र नसते. नियम लिहिताना एक साधी कसोटी लावा: एकही पैसा न देणारा माणूस जास्तीत जास्त किती प्रवेशिका मिळवू शकतो आणि पैसे देणारा किती? दोन आकडे सारखे नसतील तर छापायला देऊ नका. कार्डं आलेल्या दिवशीच क्रमांक देऊन त्याच फाइलमध्ये चढवा, ज्या फाइलमधून सोडत निघणार आहे.

कॅनडात आणखी एक गंमत आहे. तिथे निव्वळ नशिबावर बक्षीस देणं फौजदारी कायद्यात अडचणीचं ठरतं, म्हणून विजेत्याला बक्षिसाआधी एक गणित सोडवावं लागतं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असलेलं. आता विचार करा, अनोळखी पत्त्यावरून ‘तुम्ही जिंकलात, फक्त हे गणित सोडवा’ अशी ईमेल आली तर शहाणा माणूस काय करेल? डिलीट. खरा विजेता अशा वेळी हातचा जातो, आणि तो कायद्यामुळे जात नाही. गणित का विचारलं जाणार आहे हे प्रवेशाच्या पानावर एका वाक्यात आधीच लिहिलेलं नसतं, म्हणून जातो.

आता मूळ मुद्दा, मार्केटिंगचा. पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊस ही कंपनी १९५३ मध्ये घरपोच मासिकांची वर्गणी विकण्यासाठी निघाली आणि १९६७ मध्ये तिने सोडत सुरू केली. फुगे, फुलं आणि भलामोठा चेक घेऊन दारात उभी राहणारी तिची टोळी अमेरिकेत घराघरात माहीत आहे, आणि ती बक्षिसं खरोखर दिली गेली. पण या धंद्याची लिहिण्याची तऱ्हा अशी होती की पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘तुम्ही जिंकलात’ आणि त्याच्या आधी बारीक अक्षरात ‘जर तुमच्याकडे विजेता क्रमांक असेल तर’. अमेरिकन फॅमिली पब्लिशर्स या दुसऱ्या कंपनीची अशी पत्रं वाचून १९९०च्या दशकात काही वृद्ध लोक विमानाचं तिकीट काढून बक्षीस घ्यायला फ्लोरिडातल्या टँपाला पोहोचले. १९९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने फसव्या टपालाविरुद्ध कायदा केला: खरेदीची गरज नाही, खरेदीने शक्यता वाढत नाही, शक्यता किती आहे, बक्षिसाचं मूल्य किती आहे, हे पत्रात ठळकपणे सांगणं बंधनकारक झालं. पण तो कायदा टपालापुरता होता. जाहिरात ईमेलवर आली आणि टपालात बंद झालेल्या युक्त्या पडद्यावर पुन्हा जिवंत झाल्या.

याचा हिशेब २०२३ मध्ये झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊसवर कारवाई केली आणि प्रकरण १.८५ कोटी डॉलरवर मिटलं. कमिशनचा आक्षेप असा होता की सोडतीत भाग घेण्यासाठी फॉर्म भरणाऱ्याला वस्तूंच्या जाहिरातींच्या पानांमागून पानं पार करावी लागत होती, आणि मांडणी अशी की काही घेतल्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही किंवा घेतलं तर शक्यता वाढते असं वाटावं. ईमेलच्या विषयात ‘डब्ल्यू-३४’ नावाचा कागद जारी झाल्याचं लिहिलेलं असे, जणू करखात्याचाच फॉर्म आहे. आदेशाने कंपनीला खरेदीची पानं आणि सोडतीची पानं वेगळी करायला लावली, आणि खरेदीने काही फरक पडत नाही हे स्पष्ट सांगायला लावलं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढे तिची मालकी बदलली, आणि ‘आयुष्यभर दर आठवड्याला’ अशी बक्षिसं जिंकलेल्या जुन्या विजेत्यांचे हप्ते अडकले. म्हणजे बक्षीस खरं, विजेता खरा, आणि तरीही वचन पुरं झालं नाही.

आजन्म मिळणारं किंवा वीस-तीस वर्षांत विभागून दिलं जाणारं बक्षीस जाहीर करताना पैसा कुठे ठेवला आहे ते सांगा. विमा कंपनीकडून वार्षिकी (एकदा रक्कम भरून दर वर्षी ठराविक पैसे मिळण्याची हमी) विकत घेतली आहे, की दर वर्षीच्या विक्रीतून देणार आहात? पहिल्या प्रकारात तुम्ही बुडालात तरी विजेता बुडत नाही. दुसऱ्या प्रकारात तुमचा विजेता हा तुमचा विनातारण धनको, म्हणजे तारण नसलेला देणेकरी मागे लागलेला माणूस, असतो, आणि जाहिरातीतल्या फुग्यांवर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

ईमेलच्या विषयओळींबद्दल आमची मागणी साधी आहे. ज्याने अजून काही जिंकलेलं नाही त्याला पाठवलेल्या ईमेलच्या विषयात ‘जिंकलात’, ‘मंजूर’, ‘दावा’, ‘अंतिम सूचना’, ‘फाइल क्रमांक’ हे शब्द नकोत. घड्याळ लावायचंच असेल तर ते सोडतीच्या खऱ्या मुदतीचं लावा. पान रिफ्रेश केलं की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ सर्रास दिसतं, आणि ते लावणाऱ्यांत चांगल्या कंपन्याही आहेत. क्लिकचं प्रमाण यामुळे थोडं घसरेल, हे आम्हाला ठाऊक आहे. घसरू द्या. त्या जास्तीच्या क्लिक करणाऱ्यांत कोण असतं हे तुमच्या तक्रार विभागाला विचारा: आपण आधीच जिंकलोय असं समजून फोन करणारी माणसं.

मग येतो डेटा. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून भरलेल्या फॉर्मची किंमत भाग घेणारा फोन नंबराने चुकवतो. फॉर्मच्या तळाशी एक टिकखूण असते, तिच्या वाक्यात ‘आमचे मार्केटिंग भागीदार’ हे शब्द असतात, आणि त्या शब्दांवर दुवा असतो. दुवा उघडला तर कधी शेकडो कंपन्यांची यादी निघते. या धंद्याला आता ‘संमतीची शेती’ असं नाव पडलंय. २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फ्लुएंट या कंपनीवर कारवाई केली, ती याच कारणासाठी. मोफत वस्तू आणि नोकरीच्या मुलाखतींचं आमिष दाखवणारी पानं, आणि त्यांतून जमवून विकलेले टेलिमार्केटिंगचे पत्ते. कमिशनच्या म्हणण्यानुसार जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०१९ या काळात ही संख्या ६२ कोटींच्या वर होती. तडजोडीची रक्कम होती २५ लाख डॉलर. दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की हा धंदा का थांबत नाही ते समजतं.

तुम्ही थेट अशी शेती करत नसाल, पण तुमचं बक्षीस दाखवून ती करणाऱ्या पुरवठादाराकडून ‘लीड’, म्हणजे संभाव्य ग्राहकांचे संपर्क, विकत घेत असाल, तर जबाबदारी तुमचीच. करारात चार गोष्टी घाला. सोडतीचा प्रवेश आणि जाहिरातीची संमती या दोन वेगळ्या टिकखुणा, दुसरी आधीपासून भरलेली नसावी आणि ती रिकामी ठेवली तरी फॉर्म पुढे सरकला पाहिजे. डेटा कुणाकुणाला जाणार त्या कंपन्यांची नावं त्याच पानावर, आणि यादी इतकी लहान की नजरेत मावेल. संमती दिली तेव्हा पान कसं दिसत होतं त्याचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसह जपलेला. आणि सोडत संपल्यावर ज्यांनी फक्त प्रवेश घेतला होता त्यांचा डेटा ठराविक दिवसांत पुसायचा, दिवस नियमांत लिहायचे. अमेरिकी ईमेल कायद्यात नाव काढून टाकायची विनंती दहा कामकाजाच्या दिवसांत पाळावी लागते. पण एकदा पत्ता पाच हातांनी विकला गेला की ती विनंती कुणाकडे करायची हे त्या माणसाला कळतच नाही. त्या पाचांतला एक कधीतरी फोन करतो आणि म्हणतो, ‘तुम्ही ज्या सोडतीत भाग घेतला होता ना, तिचा निकाल लागलाय.’ सोडतीचं नाव तो बरोबर सांगतो. ते त्याला तुमच्याच फॉर्ममधून मिळालेलं असतं.

ठगाची रीत फार गुंतागुंतीची नाही. बक्षीस मोठं, मागणी छोटी. ‘कर’, ‘कस्टम’, ‘विमा’, ‘कुरिअर’, ‘प्रक्रिया शुल्क’. रक्कम भरली की दुसरं शुल्क निघतं, मग तिसरं. पैसे मागायची साधनंही ठरलेली: गिफ्ट कार्डाचा क्रमांक, वायर ट्रान्सफर, क्रिप्टो. म्हणजे परत मिळवता येणार नाही अशा वाटा. याहून चतुर प्रकार चेकचा. बक्षिसाचा पहिला हप्ता म्हणून चेक येतो, त्यातून ‘कराचे’ पैसे परत पाठवायला सांगतात. बँक एक-दोन दिवसांत खात्यात रक्कम दाखवते, म्हणून माणसाला वाटतं चेक वटला. तो खोटा असल्याचं कळायला आठवडे लागू शकतात, आणि तोवर पाठवलेला पैसा त्याच्या स्वतःच्या खिशातून गेलेला असतो. ‘खात्यात जमा दिसतेय’ आणि ‘चेक वटला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेच्या काउंटरवरही क्वचितच कुणी समजावून सांगतं.

युरोपात या बाबतीत नियम कडक आहे. २००५ च्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशात ग्राहकाने बक्षीस जिंकलंय असं भासवून ते मिळवण्यासाठी पैसे किंवा खर्च करायला लावणं थेट काळ्या यादीत आहे. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने प्युअरली क्रिएटिव्ह प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की तो खर्च बक्षिसाच्या मानाने नगण्य असला, अगदी एका पोस्टाच्या तिकिटाएवढा असला, तरीही चालणार नाही. तपशील लक्षात घ्या: ब्रिटनमध्ये सोडतीत भाग घेण्यासाठी साध्या टपालाचा खर्च हा मोबदला मानला जात नाही, पण जिंकलेलं बक्षीस सोडवून घेण्यासाठी तोच खर्च मागता येत नाही. आत येताना तिकीट चालेल, बक्षीस घेताना नाही. तुम्ही जगात कुठेही असा, हा नियम स्वतःहून पाळा. पाठवणीचा खर्च, नोंदणी, गाडीच्या हस्तांतराची फी, सहलीतले बंदर-शुल्क, सगळं बक्षिसाच्या मूल्यात धरा. ‘विजेत्याला फक्त पाठवणीचा खर्च द्यावा लागेल’ असं एक खरी कंपनी लिहिते, तेव्हा ठगाच्या हजार ईमेल खऱ्या वाटायला लागतात. जिंकल्यानंतर पैसे मागणारी सोडत खोटी, हा नियम अपवादाशिवाय सांगता आला तरच तो लोकांच्या उपयोगाचा.

विजेत्याला कळवण्याची पद्धत तर मुळापासून बदलायला हवी. आज काय होतं? ईमेल येते, सोबत पात्रतेचं प्रतिज्ञापत्र, प्रसिद्धीची परवानगी आणि करासाठीचा डब्ल्यू-९ फॉर्म, ज्यात सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहायचा. मुदत ४८ तास, नाहीतर पर्यायी विजेता. म्हणजे अनोळखी माणूस घाई करून ओळखीचा सर्वांत नाजूक क्रमांक मागतोय. ओळखचोरीची व्याख्या याहून वेगळी काय असते? कर-क्रमांक तुम्हाला खरोखर लागतो, कारण ठराविक मूल्यावरच्या बक्षिसाची माहिती करखात्याला द्यावी लागते (वर्षानुवर्षं ही मर्यादा ६०० डॉलर होती, २०२६ पासून २,००० डॉलर). पण तो पहिल्याच ईमेलमध्ये लागत नाही.

असं करून पाहा. पहिल्या ईमेलमध्ये काहीच मागू नका, दुवाही देऊ नका, जोडपत्रही नको. सोडतीचं नाव, भाग घेतल्याची तारीख आणि प्रवेशिकेचा क्रमांक एवढंच द्या आणि सांगा: आमच्या संकेतस्थळावर नियमांच्या पानावर छापलेल्या फोन नंबरवर स्वतः फोन करा. नंबर ईमेलमध्ये लिहू नका, तो त्यांना शोधू द्या. फोनवर खातरजमा झाली की मग त्याच संकेतस्थळावरच्या सुरक्षित पानावर कागद भरून घ्या. मुदत किमान १४ दिवस. ईमेल स्पॅममध्ये जाते, माणसं प्रवासात असतात, म्हणून तीन वेळा, दोन वेगळ्या मार्गांनी कळवा आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवा. कर विजेत्याने त्याच्या विवरणपत्रात थेट सरकारला भरायचा आहे, तुमच्या खात्यात एक छदामही नाही, हे पहिल्या फोनवरच सांगा.

सोशल मीडियावर गिव्हअवे टाकला की काही वेळातच तुमच्या नावासारखं दुसरं खातं उभं राहतं. नावात एक अंडरस्कोअर जास्त किंवा एक अक्षर बदललेलं, फोटो तोच. प्रतिक्रिया देणाऱ्या प्रत्येकाला ते खातं मेसेज करतं: तुम्ही जिंकलात, इथे कार्डाचा तपशील भरा. प्रतिक्रियांची यादी उघडी असल्यामुळे सावज शोधायलाही कष्ट नाहीत. यावर उपाय पोस्टमध्येच हवा, नंतरच्या ‘सावध राहा’ या स्टोरीत नको. विजेत्याशी संपर्क कोणत्या खात्यावरून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने होईल, ते पहिल्या चार ओळींत लिहा. सोडत चालू असेपर्यंत रोज आपल्या नावाने शोध घेऊन नकली खाती कळवायला एक माणूस नेमा. ‘मित्रांना टॅग करा, टाइमलाइनवर शेअर करा’ अशी अट फेसबुकच्या नियमांत बसत नाही, तरी निम्म्या पोस्टमध्ये ती असते, ते वेगळंच. आणि प्रवेशासाठी लोकांकडून तुमच्या मालाची स्तुती लिहून घेत असाल तर त्या पोस्टवर ‘स्वीपस्टेक्स’ किंवा ‘कॉन्टेस्ट’ असा पुरा हॅशटॅग लागतो. नुसतं ‘स्वीप्स’ वाचणाऱ्याला कळेलच असं नाही, हे फेडरल ट्रेड कमिशनने सांगितलेलं आहे.

आता सोडत काढण्याबद्दल, कारण ‘रँडम’ हा शब्द तुम्ही नियमांत लिहिता आणि पुढे कुणी काही विचारत नाही. विचारायला हवं. मॅक्डोनाल्ड्सच्या मोनोपोली खेळात, म्हणजे खाण्याच्या वेष्टनांवरचे तुकडे काढून बक्षीस जिंकायच्या खेळात, विजेते तुकडे ज्याच्या ताब्यात सुरक्षेसाठी दिले होते तोच माणूस, जेरोम जेकबसन, ते वर्षानुवर्षं चोरून ओळखीपाळखीतल्यांना विकत होता. २००१ मध्ये अटकसत्र झालं तेव्हा बाहेर आलं की २.४ कोटी डॉलरहून जास्त बक्षिसं अशी गेली होती. अमेरिकेतल्या राज्य लॉटऱ्यांच्या संघटनेत माहिती-सुरक्षेचा प्रमुख असलेल्या एडी टिप्टनने यादृच्छिक आकडे काढणाऱ्या संगणकातच स्वतःचा कोड घुसवला होता. दोन्हीकडे कुंपणानेच शेत खाल्लं. मग ज्या सोडतीत एजन्सीतला एक कर्मचारी एक्सेलमध्ये बटण दाबून नाव काढतो, तिच्यावर लोकांनी का विश्वास ठेवावा?

तपासता येईल अशी सोडत काढणं कठीण नाही. मुदत संपताच प्रवेशिकांची फाइल गोठवा. दुहेरी आणि यांत्रिक प्रवेशिका काढा, किती आणि का काढल्या ते लिहून ठेवा. उरलेल्यांना १ पासून क्रमांक द्या आणि प्रत्येकाला त्याचा क्रमांक कळवा. मग त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्यावरून गणिताने निघणारा ठशासारखा आकडा, काढून संकेतस्थळावर टाका. यात कुणाचं नाव उघड होत नाही, पण नंतर फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलतो. सोबत जाहीर करा की उद्या दुपारी १२ वाजताचा अमुक सार्वजनिक आकडा वापरणार. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा बीकन दर ६० सेकंदांनी ५१२ बिटांचा यादृच्छिक आकडा प्रसिद्ध करतो, तो चालेल. समजा प्रवेशिका ४८,२१३ आहेत. आलेल्या आकड्याला ४८,२१३ ने भागा, बाकी अधिक १ हा विजेता क्रमांक. पुढच्या मिनिटांचे आकडे घेऊन पाच पर्यायी विजेते त्याच बैठकीत काढा. हे शेवटचं विसरू नका. पर्यायी विजेते आधी काढलेले नसतील तर ‘अपात्र’ ठरवत ठरवत हव्या त्या नावापर्यंत पोहोचता येतं, आणि यादृच्छिकतेचं सगळं गणित निष्फळ ठरतं.

‘झटपट बक्षीस’ खेळांचं यंत्र वेगळं असतं. तिथे बहुधा विजयाचे क्षण आधीच ठरवून ठेवलेले असतात, समजा ९ तारीख, दुपारी २ वाजून १७ मिनिटं ४ सेकंद, आणि त्यानंतर जो पहिला खेळेल त्याला बक्षीस. पडद्यावर फिरणारं चाक ही निव्वळ सजावट. त्यात गैर काही नाही, फक्त चाकाने खोटं बोलू नये. दोन चेरी जुळून तिसरी जराशाने हुकली असं चित्र दाखवलं की माणूस ‘थोडक्यात गेलं’ म्हणून पुन्हा खेळतो, पण तिथे थोडक्यात जाण्यासारखं काही घडलेलंच नसतं. निकाल क्षणावर ठरतो हे खेळाच्या पानावर लिहा, आणि ती क्षणांची यादी सीलबंद ठेवून कर्मचाऱ्यांपैकी कुणालाही दिसणार नाही याची सोय करा.

नियमावलीविषयी थोडक्यातच, कारण इथे बहुतेकांचं बरं चाललंय. सुरुवात आणि शेवट टाइम झोनसह, पात्रता, बक्षिसाचं अंदाजे बाजारमूल्य, शक्यता कशावर अवलंबून, विजेत्यांची यादी कुठे मिळेल. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात ५,००० डॉलरवरच्या बक्षिसांसाठी सोडतीची नोंदणी आणि हमीची रक्कम लागते: न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीच्या ३० दिवस आधी, फ्लोरिडात ७ दिवस. हा नोंदणी क्रमांक तुमच्याकडे असतोच, तो जाहिरातीत का छापत नाही? खरेपणाचा याहून सोपा पुरावा नाही, आणि ठगाला तो आणता येत नाही. ‘छपाईची चूक झाल्यास आयोजक जबाबदार नाही’ हे कलम मात्र बेतानं वापरा. २५ मे १९९२ रोजी फिलिपिन्समध्ये पेप्सीने ३४९ हा विजेता क्रमांक जाहीर केला आणि तो दोन-चार नव्हे, लाखो बाटल्यांच्या बुचांवर छापलेला निघाला. बक्षीस होतं दहा लाख पेसोंपर्यंत. कंपनीने बुचामागे ५०० पेसो देऊ केले, आणि दंगली झाल्या. चूक झाल्यावर काय करणार हे आधी लिहायचं असतं, उदाहरणार्थ, जाहीर झालेली एकूण रक्कम सर्व दावेदारांत सोडतीने वाटली जाईल.

आणखी एक. ‘स्वीपस्टेक्स कॅसिनो’ तुमचाच शब्द वापरून चालतात. ऑनलाइन खेळातली ‘सोन्याची’ आभासी नाणी विकत घ्यायची, सोबत ‘स्वीप्स’ नाणी ‘फुकट’ मिळतात, आणि फुकटची नाणी जिंकली की रोख रकमेत बदलता येतात. फुकट प्रवेशाचा मार्ग? तेच पोस्टकार्ड. २०२५ मध्ये माँटाना, कनेटिकट, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया यांनी अशा खेळांवर बंदीचे कायदे केले. कार्डाचा मार्ग इतक्या उघडपणे निमित्त म्हणून वापरला जात असताना तुमच्या धंद्यातून त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही, याचं नवल वाटतं. पुढचा कायदा सरसकट झाला तर साबणाच्या वडीबरोबर सहल देणारी कंपनीही त्यात भरडली जाईल.

तुमच्या पुढच्या सोडतीच्या पहिल्या पडद्यावर, बटणाच्या वर, बटणावरच्याच आकाराच्या अक्षरांत हा मजकूर टाका, अशी आमची विनंती आहे:

‘भाग घ्यायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. विकत घेतल्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही. जिंकल्यास आम्ही कोणत्याही कारणासाठी पैसे, गिफ्ट कार्ड किंवा कार्डाचा तपशील मागणार नाही. विजेत्याला अमुक तारखेला अमुक पत्त्यावरून ईमेल येईल, त्यात दुवा नसेल. नोंदणी क्रमांक अमुक, तो सरकारी नोंदीत पडताळून पाहा. तुमचा फोन नंबर आम्ही कुणालाही देणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य तुम्हाला टाकता येत नसेल, तर त्या जागी कंपन्यांची नावं छापा.

आपले,
सोडतींचे नियम लिहिणारे आणि तपासणारे